पाडवा ते पाडवा

पाडव्याच्या सकाळी बद्रीनाथांना दोन गोष्टी खपत नसत. एक, गुढीची काठी वाकडी असणं. आणि दुसरी, साल ठरायच्या आधी कुणी चहाचं नाव काढणं. जालन्याला येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली होती. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या ठोक कापडाच्या दुकानाचं मुलानं, अंगदनं, तीन मजली शोरूम केलं होतं. तरी पाडव्याला सगळ्या घरानं गावी, हसनाबादला यायचं, हा नियम त्यांनी मोडू दिला नव्हता. गुढी काय, जालन्याच्या गच्चीवरही उभी राहिली असती. इथं यायचं ते रखमाजीचं साल ठरवायला.

रखमाजी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेत सांभाळणारा, चौतीस वर्षांपासूनचा त्यांचा सालगडी. पैशाचा आकडा आदल्या दिवशीच मळ्यात ठरून जायचा आणि पाडव्याला त्याची वाच्यता करायची नाही, अशी रीत. पाडव्याला ठरायची ती बाकीची बोली. ओसरीवर सतरंजी टाकलेली होती, शेजारचे दोघं साक्षीला येऊन बसले होते, ताटलीत गुळाचे खडे, टॉवेल, टोपी आणि नवा चप्पलजोड मांडला होता. बद्रीनाथ खाकरले आणि दरवर्षीच्याच सुरात सुरू झाले.

"पाडवा ते पाडवा. अमावस्येला औत जुंपायचं न्हाई. पोळ्याला दोन रोज तुझे. दुखलं-खुपलं तर आठ रोज घरी, कुणी बोलणार न्हाई. लेकीच्या बाळंतपणाला चार रोज. बराबर?"

"बराबर," रखमाजी म्हणाला, पण त्यानं टोपीला हात लावला नाही. "दादा, औंदा एक बोलायचं हाय. गव्हाला मशीन आलं, फवारणीला मशीन आलं. उद्या तुमी म्हणसाल, रखमा, आज काम न्हाई, घरी बस, परवाचं परवा सांगतो. तसं मला जमायचं न्हाई."

बद्रीनाथांना हसू आलं. चौतीस वर्षांत त्यांनी असा शब्द कधी काढला नव्हता, आणि हा गडी आज त्याचीच हमी मागत होता.

"आरं येड्या, काम असो का नसो, साल तुझं. काम काढून द्यायची जिम्मेदारी माझी."

रखमाजीनं टोपी घातली, गुळाचा खडा तोंडात टाकला. साल पक्कं झालं. साक्षीदार पाय मोकळे करत उठले आणि चहाचं आधण पडलं.

आपण काय बोललो हे बद्रीनाथांच्या ध्यानातही राहिलं नाही. पुरणाचं पातेलं घेऊन माजघराच्या दारात आलेली त्यांची धाकटी बहीण दैवशाला मात्र ते वाक्य ऐकून तिथंच थांबली. "वन्सं, पुरण गार होऊन राह्यलं," असं तिच्या वहिनीनं, दुर्गाबाईंनी, आतून म्हणेपर्यंत ती हलली नाही.

*

मीनाला पोळ्या लाटता येत नाहीत, हे घरानं केव्हाच मान्य केलं होतं. बद्रीनाथांचा धाकटा भाऊ रामप्रसाद गेला त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्याची ही एकुलती एक लेक अंबडच्या कोर्टात वकिली करायची आणि सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात वही-पेन घेऊन बसायची. दुर्गाबाईंनी तिला तेलाची वाटी धरायला दिली होती, तेवढं काम ती एका हातानं करत होती.

दैवशालाचा फोन पोळपाटाशेजारी उताणा पडला होता. दर थोड्या वेळानं ती पिठाची करंगळी लावून तो उजळवायची, बघायची आणि पुन्हा लाटायला लागायची.

"आत्या, आज सण हाय. ठेव की तो फोन," मीना म्हणाली.

"कल्याणचा मेसेज यायचा असतो बाई. पाडव्याला गिऱ्हाईक वाढलं तर दुपारून बोलावतेत. मंग मिळंल ती गाडी धरून जावं लागतं."

कल्याण म्हणजे अंगदच्या शोरूमचा मॅनेजर. बायांच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेआठला त्याचा मेसेज यायचा. आज कोणी यायचं त्यांची नावं, आणि खाली दोन शब्द: बाकी आराम. ज्या बाईचं नाव नसेल तिनं आराम करायचा, म्हणजे फोन उशाशी घेऊन बसायचं. कारण गर्दी झाली तर बारा वाजता, तीन वाजताही बोलावणं यायचं, आणि दोनदा बोलावून न आलेल्या बाईचं नाव मग आठ-आठ दिवस यायचं नाही. नवरा गेल्यावर दैवशाला नर्सिंगला असलेल्या लेकीला, अर्पिताला घेऊन जालन्यात एका खोलीत राहत होती. एका मेसमध्ये तिला दुपारचं पोळ्यांचं काम दोनदा मिळालं होतं. दोन्ही वेळा शोरूमचं बोलावणं आलं आणि ते सुटलं.

याच माणसांसाठी मीना गेलं वर्षभर राबत होती. मराठवाड्यातल्या एक आमदारबाई विधानसभेत स्वतःच्या नावानं अशासकीय विधेयक मांडणार होत्या. मालकानं वाटेल तेव्हा बोलावलं आणि वाटेल तेव्हा नको म्हटलं, अशा कमी तासांच्या कामगारांसाठी कायदा. त्याचा मसुदा करणाऱ्या चार वकिलांत मीना होती. कलम सात हा त्याचा कणा. मागच्या बारा महिन्यांत माणसानं आठवड्याला सरासरी जितके तास काम केलं असेल, तितके तास मालकानं पुढं लेखी बांधून द्यायचे. येत्या सोमवारी आमदारबाई जालन्यात एका हॉलमध्ये सुनावणी घेणार होत्या. कामगारांनी स्वतः उभं राहून आपलं सांगायचं होतं. शोरूममधून दोघींची नावं होती, दैवशाला आणि तिची मैत्रीण बेबीनंदा.

"तर सोमवारी हे विचारतील," मीनानं वही पुढं ओढली. "आठवड्याला किती तास भरतेत?"

"आता? नऊ. कधी अकरा."

"नऊ? मागच्या वर्षी तर तू तीस-बत्तीस बोलल्ती."

"तवा तेवढे भरत होते. आता लई बाया झाल्यात. अंगदनं आठ नव्या पोरी घेतल्या. कुणालाच दोन दिवसांच्या वर न्हाई."

"कधीपासून?"

दैवशालानं पोळी तव्यावर टाकली. "दिवाळीपासून. भाऊबीज झाली अन् पुढच्या हप्त्यापासूनच."

मीनाच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. दुर्गाबाई ओरडल्या, कुणीतरी फडकं आणलं. मीना सांडलेल्या तेलाकडं बघत बसली. भाऊबीजेच्या दिवशी अंगददादाला ओवाळून झाल्यावर तिनंच पर्समधून मसुदा काढला होता. "दादा, तू व्यापारी हायेस. जरा वाचून सांग, व्यापारी लोकं कुठं अडवतील." त्यानं चष्मा लावून चार दिवस वाचला, समासात पेन्सिलीनं खुणा केल्या, दोन सूचना तर इतक्या चांगल्या केल्या की त्या मसुद्यात घेतल्या गेल्या. तिला केवढा अभिमान वाटला होता. घरातल्या माणसापासून काय लपवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

*

जेवणं झाली. पुरणपोळीनं जडावलेली माणसं ओसरीवर येऊन टेकली. रखमाजीची सतरंजी अजून तिथंच होती. अंगद सुपारी कातरत होता. मीना येऊन समोर उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बघून त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"दादा, कलम सात वाचून तू बायांचे तास कापले का?"

तो नाही म्हणू शकला असता. हिशेब दाखवायला, मंदीचं कारण सांगायला त्याला कोण अडवणार होतं? पण अंगदला एक खोड होती, बापाची, की तोंडावर विचारलं तर खोटं बोलता येत नसे.

"व्हय," तो म्हणाला.

"मी तुला विश्वासानं दाखवलं."

"तू काय बोलल्ती आठव. व्यापारी म्हणून वाच. मी व्यापारी म्हणूनच वाचलं मीने. बारा महिन्यांची सरासरी धरणार, मंग सरासरीच कमी ठेवली. जालन्यातला कोणताबी दुकानदार हेच करंल. मी चार महिने आधी केलं, कारण मला आधी कळलं."

"तो कायदा अजून मांडलाबी न्हाई. असल्या विधेयकांचं काय होतं तुला माहीत न्हाई? मांडतेत, दोन भाषणं होतेत, मंत्री उत्तर देतेत अन् मागं घेतेत. शंभरातलं एखादं पार पडतं का न्हाई कुणास ठाऊक. कायदा यील का न यील, तास तर गेलेच की बायांचे."

"ते मला कसं कळणार? तू तर असं बोलत होती की उद्याच येऊन राह्यला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मीनाला जास्त लागलं.

दुर्गाबाई पानदान घेऊन मध्ये बसल्या. मुलाची बाजू घ्यायला त्यांना कधी निमित्त लागलं नव्हतं. "मीना, सणाच्या दिवशी कोर्ट भरवू नको. त्याला बी तीन मजल्यांचं भाडं न्हाई का, लाइट न्हाई का? गिऱ्हाईक काय त्याला विचारून येतं? शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसती अन् बुधवारी माशा मारायच्या. माशा मारायला वीस बाया कशाला?"

"मोठीआई, बुधवारी माशा मारायला रखमाजी लागतो का?"

"त्याचं साल असतं."

"तेच म्हणून राह्यले मी."

बद्रीनाथ आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, पण झोप लागली नव्हती. ते डोळे न उघडताच म्हणाले, "बाकीच्या बायांचं जाऊ दे. दैवशालाचे तास कापले का न्हाई, तेवढं सांग."

अंगदला या प्रश्नाची वाट होती आणि भीतीही होती. लहानपणी त्याला कांजिण्या आल्या तेव्हा एकवीस दिवस कडुलिंबाच्या पाल्यावर घेऊन बसलेली ही आत्या. रोज सकाळी कल्याण नावांची यादी दाखवायला यायचा तेव्हा तो तिच्या नावापाशी थांबायचा, आणि मग म्हणायचा, आज राहू दे. तिला जास्त दिले तर बाकीच्या बोट दाखवतील. एकीचं बांधून दिलं की वीसजणींचं द्यावं लागेल.

"कापले," तो म्हणाला. "पण कापायला आधी ठरलेले कुठं होते बाबा? आत्याचं काहीच ठरलेलं न्हाई. तुमीच बोलले होते, घरच्या माणसाशी काय ठरवायचं. तेच चाललं. पुढं बाया घेतल्या त्याबी आत्यासारख्याच घेतल्या. काम असंल तवा या. माझ्याकडं दुसरा नमुनाच नव्हता."

बद्रीनाथांनी डोळे उघडले.

सहा वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना लख्ख आठवली. भोकरदनला दैवशालानं हक्कसोडपत्रावर सही केली होती, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून दिला होता, एका शब्दानं नाही न म्हणता. परत येताना गाडीत ती म्हणाली होती, "दादा, दुकानात काही काम असलं तर बघ ना. किती वाजता यायचं, कसं, ते ठरवून टाकू." आणि ते रागावले होते. खरोखरीच्या मायेनं रागावले होते. "दुकान तुझंच हाय. तुझ्याशी काय ठरवायचं, तू काय गडी हाय का माझी? वाटलं तवा ये." गड्याशी बोली होते, बहिणीशी बोली केली तर तो तिचा अपमान, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. रखमाजीला अमावस्या मिळाली, पोळा मिळाला, आजारपणाचे आठ दिवस मिळाले. बहिणीला यातलं काही द्यायचं त्यांना सुचलंच नाही, कारण तिला सगळंच दिलं अशी त्यांची समजूत होती. आणि त्या समजुतीवर आज वीस बायांचं दुकान चाललं होतं.

"चुकलं," ते स्वतःशीच म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

*

दैवशाला हात पुसत बाहेर आली ती सरळ सतरंजीवर जाऊन बसली, सकाळी रखमाजी बसला होता तिथंच. ताटलीत गुळाचे दोन खडे उरले होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिनं मुंग्या झटकल्या.

"दादा, माझं बी साल ठरव."

दुर्गाबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं. "वन्सं, काय हे? उठा तिथून. कुणी पाहिलं तर काय म्हणंल, मालकाची बहीण सालगड्याच्या जागी बसली."

"वहिनी, मला ती जागा माझ्याहून वरची दिसून राह्यली," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सकाळी दादा त्याला बोलला, काम असो का नसो, साल तुझं. मी दारात उभी होते. सहा वर्षांत मला असं कुणी बोललं असतं तर माझं मेसचं काम सुटलं नसतं. मला उपकार न्हाई पाहिजे. किती वाजता यायचं, किती वाजता जायचं, अन् कोणता रोज माझा. तेवढं बोल."

दुर्गाबाईंनी पान खाली ठेवलं. त्यांचं माहेर अंबडकडचं. आपला भाऊ आपल्याशी असा वागला असता तर आपण या सतरंजीवर बसलो असतो का, हा विचार त्यांच्या मनात आला असावा, कारण त्या मुलाकडं वळून म्हणाल्या, "अंगद, आत्याचं बांधून दे."

"आई, आत्ता तर तू..."

"आत्ता मी काय बोलले ते मला ठाऊक हाय. बांधून दे."

सगळे अंगदकडं बघायला लागले. तो उठून ओसरीच्या कडेला गेला, गुढीकडं पाठ करून उभा राहिला. दुकानदारीत तो एक गोष्ट शिकला होता, की द्यायचंच असेल तर काहीतरी घेऊन द्यावं. ती सवय घरातही सुटत नव्हती.

"ठीक हाय," तो म्हणाला. "दहा ते सहा. मंगळवार सुटी. पाडवा ते पाडवा. लिहून देतो, सही करतो. ग्रुपवर बघायची जरूर न्हाई, काम असो का नसो. फक्त एक, सोमवारचं माझ्या कानावर आलंय, आत्यानं त्या हॉलमधी उभं न्हाई राहायचं. घरातलं घरात मिटलं, मंग बाहेर कशाला सांगायचं? आपलंच नाव हाय ते."

"आत्या, न्हाई म्हण," मीना म्हणाली.

दैवशालानं तिच्याकडं पाहिलं नाही. "अन् बेबीनंदाचं?" तिनं अंगदला विचारलं. "तिचंबी माझ्याएवढंच हाय. पाच वर्षं. तिचा नवरा तातेराव खाटेवर पडून हाय, ती तर माझ्याहून अडलेली."

"बाकीच्यांचं कायदा आल्यावर बघू. मी कायद्याच्या बाहेर थोडीच हाय?"

मीना हसली, आणि ते हसणं कुणालाच आवडलं नाही.

आता बद्रीनाथांनी बोलायचं होतं. घर त्यांचं, पाडवा त्यांचा, शब्द त्यांचा. बिनशर्त दे, असं ते म्हणाले असते तर अंगदनं मान खाली घालून दिलं असतं. हे बाप-लेक दोघांनाही माहीत होतं. बद्रीनाथांच्या ओठांवर ते आलंही. पण सोमवारचा हॉल त्यांच्या डोळ्यांपुढं आला. आमदारबाई, पेपरवाले, आणि माइकसमोर त्यांची सख्खी बहीण त्यांच्याच दुकानाचं नाव घेतेय. जुन्या जालन्यातल्या कापडबाजारातून उद्या कसं चालायचं? त्यांनी ओठ मिटून घेतले. पुढं कितीतरी दिवस त्यांना तो क्षण टोचत राहणार होता, पण त्या वेळी त्यांना तो शहाणपणाच वाटला.

ते खुर्चीतून उठले आणि बहिणीसमोर सतरंजीवर येऊन बसले. आवाज सकाळसारखा लागला नाही.

"पाडवा ते पाडवा. दहा ते सहा. मंगळवार तुझा. दुखलं-खुपलं तर आठ रोज घरी." ते अडखळले. "अर्पिताच्या परीक्षेला चार रोज. बराबर?"

टॉवेल-टोपी देता येत नव्हती. दुर्गाबाई झटकन आत गेल्या आणि कपाटातली कोरी साडी घेऊन आल्या, मोतिया रंगाची, काठाला बारीक वेल. त्यांनी ती वन्संच्या मांडीवर ठेवली. हक्कसोडपत्राच्या दिवशीही दैवशालाला साडीच मिळाली होती. ते दोघींनाही आठवलं आणि दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

गुळाचा खडा बद्रीनाथांच्या तळहातावर होता. दैवशाला त्याकडं बघत होती. तिच्या मनात अर्पिताचं शेवटचं वर्ष होतं, साडेआठला फोन उजळवणारी आपली करंगळी होती, आणि बेबीनंदा होती. मागच्या श्रावणात दैवशालाला ताप आला तेव्हा तिच्या नावावर बोलावणं आलं. बेबीनंदानं कल्याणला सांगितलं, ताईऐवजी मी येते, पण तास ताईच्याच नावावर लिहा. असं कोण करतं? दैवशालाला सगळं आठवत होतं. आठवत असतानाच तिनं हात पुढं केला, खडा उचलला आणि तोंडात टाकला.

"बराबर," ती म्हणाली.

मीना वही मिटून परसात निघून गेली. थोड्या वेळानं दैवशाला तिच्यामागं गेली. मीना हौदाच्या कठड्यावर बसली होती, रडत नव्हती.

"राग आला का गं?"

"तुझा न्हाई आत्या," मीना म्हणाली. "माझाच मला आला. मसुदा मी दाखवला. तू तर नुसता गूळ खाल्ला."

*

दुपारून दैवशाला एकटीच निघाली. बद्रीनाथ गाडीनं सोडतो म्हणाले, तिनं नको सांगितलं. राजूरला गाडी बदलायची होती. स्टँडवर बाकड्यावर बसून तिनं साडीची पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीनं फोन उजळवला.

ग्रुपवर एकच नवी ओळ होती. अंगद यांनी तुम्हाला काढून टाकले.

तिनं ती दोनदा वाचली. बरोबरच होतं. ग्रुपवर बघायची जरूर नाही, असं तो म्हणालाच होता. शब्दाला जागला होता. साडेआठचा मेसेज आता कधीच येणार नव्हता, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, लपवण्यात काय अर्थ आहे. छातीवरचं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं तिला हलकं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. बेबीनंदा होती.

"ताई, ग्रुपात तुमचं नाव न्हाई. मी आत्ताच बघितलं. काढलं का तुम्हाला?"

"न्हाई गं..."

"मला माहीतच होतं असं हुईल. सोमवारचं कळलं असंल त्याला." बेबीनंदा म्हणाली. "तुमी बिलकुल घाबरू नका. भाच्यानं सख्ख्या आत्याला काढलं म्हंजी काय? मी घरी ह्यांला सांगितलं, सोमवारी मी माझं नंतर सांगीन, पहिलं ताईचं सांगीन. तुमी नुसतं माझ्या बाजूला उभं ऱ्हावा. बोलायचं मी बघते."

स्टँडवर एक गाडी लागली. लोक उठले, रेटारेटी झाली. दैवशाला बसून राहिली.

"बेबे," ती म्हणाली. "मला काढलं न्हाई. माझं साल ठरलं. दहा ते सहा, पाडवा ते पाडवा. लिहून देणार हायत."

 पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला, आणि तातेराव काहीतरी मागत होता.

"बरं झालं ताई," बेबीनंदा म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच दैवशालाला ते सहन झालं नाही. "खरंच बरं झालं. कुणाचं तरी ठरलं. अर्पिताचं आता निभंल." मग तिनं विचारलं, "मंग सोमवारी अकरा वाजता येता ना? का मी एकलीच जाऊ?"

तोंडात गुळाची चव अजून होती. दैवशालानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"सोमवारी मला काम हाय बेबे," ती म्हणाली. "दहा ते सहा."

सोमवारी अकरा वाजता आपण कुठं असणार, हे सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला आधीपासून माहीत होतं.